खडूचं कुंकू

माय, तुला वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही लिहायला बसलेय. मोठ्यानं बोलले असते, पण शटरच्या पलीकडं रस्ता आहे आणि केजच्या माणसांचे कान किती लांब असतात हे तुला सांगायला नको. भर दुपारी शटर खाली ओढून, शिलाई मशीनवरचा दिवा लावून आत बसलेय. ब्लाऊजचं कटिंग काढायचा खाकी कागद समोर होता, त्यावरच लिहितेय. फोन शेजारी ठेवलाय. संध्याकाळपर्यंत त्यावर निरोप येईल असं सांगितलंय. आला तर हा गाळा माझ्याकडं राहील. नाही आला तर उद्या शुक्रवार, मुदत संपली, आणि परवा मशीन टेम्पोत घालून दिराच्या घरी जायचं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते आज कळतंय. शिवायला घेतलं तर टाका वाकडा जातो, चहा ठेवला तो उतू गेला, म्हणून मग पेन्सिल हातात घेतली.

हा गाळा तुला माहीत नाही. हे कावीळ होऊन गेले ते तू बघितलंस, पण त्यानंतर तूही फार टिकली नाहीस. गाळा स्टँडच्या मागं आहे. पुढं मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला बाक, मधे पडदा, पडद्यामागं शेगडी, कॉट आणि मी. मालक फळवाले चाचा, बाहेर त्यांचाच सीताफळांचा गाडा असतो. इतकी वर्षं त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही, पण आता त्यांच्या पोरांना इथं मोबाईलचं दुकान टाकायचंय. ठेवायचा असेल तर नवीन डिपॉझिट भर, नाहीतर मोकळा कर, असं पोरांचं म्हणणं. परवा चाचा बाकावर टेकले आणि म्हणाले, "बेटा, मी जुम्म्यापर्यंत पोरान्ला थांबवलंय. पैसे कवा येतील ते सोड. येणार हायेत एवढं मला फोनवर दाखव, मंग त्यांची तोंडं मी बंद करतो." दिराच्या कानावर गेलं तसा तोही येऊन गेला. "वैनी, कावून हाल करून घेता? मागची खोली रिकामीच हाय. दोन घास आमच्यात खावा." वाईट माणूस नाही तो, मनापासून बोलत होता. पण मागची खोली काय असते ते मी तुझ्याकडं बघून शिकलेय.

बाप गेला तेव्हा मी तुझ्या कमरेएवढी होते. तू मला घेऊन पालीला मामाकडं आलीस ती मागल्या दारानं आलीस आणि शेवटपर्यंत मागल्या दारीच राहिलीस. पुढच्या अंगणात मामीचा सडा, मामीची रांगोळी. तू पुढं रांगोळी काढू नकोस असं तुला कुणी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. मागं न्हाणी, पाणी तापवायची चूल, धुण्याचा दगड, आणि वारं सुटलं की धरणाच्या पाण्याचा वास. मला अजून दिसतंय, तू दगडाशेजारची जागा शेणानं सारवतेस, चिमटीतून पांढरे ठिपके सोडतेस, एकही ठिपका इकडचा तिकडं नाही, आणि मग रेघ निघते ती सगळ्या ठिपक्यांना वळसा घालून जिथून निघाली तिथंच येऊन मिळते. सीताफळाचे डोळे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं, जे रानात दिसायचं ते सगळं तू रेघेत आणायचीस. रंग नाही. रंग मामीच्या डब्यात असायचे. धुणं सुरू झालं की पाण्यानं सगळं पुसून जायचं आणि दुसऱ्या दिवशी तू नवीन काढायचीस. मी एकदा विचारलं, "माय, इथं कुणाला दिसती गं?" तू मान वर न करता म्हणालीस, "मला दिसती ना. लई झालं."

एका दिवाळीला मी हुशारी करून तुझी सीताफळाची रांगोळी पुढच्या दारात काढली. आल्यागेल्यांनी वाखाणली, मामीनंही मान डोलावली. तू मात्र मला दंडाला धरून मागं नेलंस. तुला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "पुढं न्यायची न्हाई. माझं माझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मी दिवसभर फुगून बसले, फराळाला हात लावला नाही. रात्री तूच चकली घेऊन आलीस.

आता ऐक, तुझ्या लेकीनं काय केलंय. पुढच्या दारातच काय, पार अमेरिकेत नेलीय तुझी रांगोळी. गिऱ्हाईक नसलं की मी याच कागदावर तुझ्या रांगोळ्या काढत बसायचे. हायस्कूलच्या एक बाई ब्लाऊज टाकायला आल्या, त्यांनी त्या बघितल्या आणि म्हणाल्या, याचं पुस्तक करा, तिकडं मोठी माणसंसुद्धा रंगवायची पुस्तकं विकत घेतात. मला वाटलं थट्टा करतायत. पण मोबाईलवर बघत बघत शिकले. झेरॉक्सवाल्याकडून एकेक चित्र फोनमध्ये घेतलं, तिकडच्या एका कंपनीच्या साईटवर चढवलं. मागणी येईल तसं ते छापतात, विकतात आणि आपला वाटा आपल्याला देतात, त्याला रॉयल्टी म्हणायचं. बारावीचं इंग्रजी पुरत नव्हतं, एकेका शब्दापाशी अडायचे, पण केलं. आणि माय, विकलं जातंय! चांगली पन्नाशीची माणसं रंगीत पेन्सिली घेऊन तुझे ठिपके भरत बसतात, मनाला शांती मिळते म्हणे. सडा टाकायला बोलवावं एकेकाला, आणखी शांती मिळेल. एका बाईनं कंपनीच्या साईटवर लिहिलंय की नवऱ्याच्या आजारपणात ती रोज एक पान रंगवते. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी कापसाची बोंडं तिनं निळी केली असतील का गुलाबी, याचा विचार करत बसले.

पुस्तक विकणं सोपं, त्याचे पैसे केजात आणणं अवघड. आधी कंपनीनं चेक पाठवला. परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन पोस्टमन आला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. बँकेतल्या साहेबानं तो चेक उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "ताई, असला चेक आमच्याकडं वटत न्हाई. बीडला जावा." बीडला गेले तर म्हणाले मुंबईला पाठवावा लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही, वटेलच असंही नाही. जीपमध्ये परत येताना मी तो चेक पर्समध्ये असा धरून बसले होते की शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, दवाखान्याचा कागद हाय का? काय निघालं?" पुढं कंपनीनं चेक देणंच बंद केलं. तिकडच्या देशातलं खातं द्या, नाहीतर पैसे आमच्याकडं पडून राहतील. गाळ्याच्या डिपॉझिटाला पुरतील एवढे तिथं साठलेत. मग कळलं की असं परदेशातलं खातं घरबसल्या फोनवर उघडता येतं. पैसे तिथं उतरतात आणि तिथून इथल्या खात्यात येतात. नाव, गाव, गाळ्याचा पत्ता, सगळं भरलं. आणि घोडं शेवटी पेंड खायला लागलं ते माझ्याच तोंडापाशी.

त्यांना ओळख पटवायला फोटो असलेलं कार्ड लागतं. पासपोर्ट माझ्याकडं कुठला, गाडीचं लायसन नाही. आधार तेवढं आहे, आणि पॅनवरही तोच आधारचा फोटो उतरलाय. तो फोटो तुला आठवतोय? माझ्या सासरच्या गावी शाळेत आधारचा कॅम्प आला तो नेमका संक्रांतीच्या दिवशी. तू डोळ्याच्या दवाखान्यासाठी माझ्याकडं आली होतीस. आम्ही सगळ्या बाया वाण लुटायला गेलतो, हळदीकुंकवाला, आणि तू शाळेच्या ओट्यावर आमच्यासाठी रांगेत जागा धरून बसली होतीस. तिथून आम्ही नटूनथटून तशाच मशीनपुढं बसलो. साऱ्या गावातल्या बायांच्या आधारवर नथी आहेत बघ, सरकारला वाटत असेल या गावात रोज लग्न असतं. मशीनवाला पोरगा म्हणाला, नथ काढा, तोंड झाकतंय. मी काढायला गेले तर तू पुढं झालीस. "ऱ्हाऊ दे तिची नथ. एकदाच काढायचाय फोटो. जन्मभर पुरंल." आणि नथीचा आकडा सरळ केलास, पदर नीट केलास, कुंकवाच्या कडेला सांडलेलं बोटानं टिपून घेतलंस. ती नथ तुझीच होती. माझ्या लग्नात डाळीच्या डब्याच्या तळातून काढून दिलेली. "माझी घालायची ऱ्हायली, तू घाल," म्हणाली होतीस.

जन्मभर पुरला नाही गं फोटो. फोनपुढं बसले, डोळे मिटा म्हणाला मिटले, मान वळवा म्हणाला वळवली, आणि उत्तर आलं की कार्डावरची व्यक्ती तुम्ही नाही. दुसऱ्यांदा बाहेर उजेडात जाऊन केलं, तरी तेच. कार्डावर रुपयाएवढं कुंकू, ओठांवर आलेली नथ, भरलेले गाल, हिरव्या साडीचा पदर. आणि समोर मी, मोकळं कपाळ, गाल बसलेले, केस पिकलेले. फोनचं तरी काय चुकलं? मलाही ती बाई ओळखू येत नाही. तहसीलजवळच्या केंद्रात फोटो बदलायला गेले, त्यानं नवीन काढून घेतला पण कार्ड बदलायला महिना-दीड महिना म्हणाला, आणि माझ्याकडं तर शुक्रवारपर्यंतच वेळ. शेवटी त्या खात्यावाल्यांनी कळवलं की त्यांचं माणूस व्हिडिओवर बघून ठरवेल, ही शेवटची संधी, इथं नाही जुळलं तर पुन्हा अर्ज करता येणार नाही. माय, मी कॉटवर पडून उशीत तोंड घालून रडले. पैसा आहे, माझ्या हातानं कमावलेला आहे, तुझ्या रेघांचा आहे, आणि मी मीच आहे हे मला कुणाला पटवता येत नाही. हे गेले तेव्हासुद्धा मी इतकी हरले नव्हते. तेव्हा आजूबाजूला माणसं होती.

त्या दहाव्याच्या दिवशीचं आज सारखं डोळ्यापुढं येतंय. बाया जमलेल्या, दिराची आत्या पुढं सरसावली, तेवढ्यात तू उठलीस. "माझी लेक हाय. मीच पुसते. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." वाटीत कोमट पाणी घेतलंस, आपल्या पदराचं टोक भिजवलंस आणि पुसलंस. इतकं हळू, लहानपणी माझं तोंड पुसायचीस तसं. बांगड्याही फोडू दिल्या नाहीस, तेल लावून उतरवल्यास. सगळ्या म्हणाल्या, काय काळीज बाईचं. मला मात्र तुझा राग आला. अजून आहे. ज्या हातानं संक्रांतीला कुंकवाची कड नीट केलीस त्याच हातानं ते काढलंस. तू नको म्हणाली असतीस तर? एवढी चिडलीस त्या दिवाळीला एका रांगोळीवरून, मग त्या दिवशी का नाही चिडलीस? पण तुझ्या मनात असेल, नाहीतरी पुसणारच आहेत, निदान माझ्या हातानं होऊ दे. हे मला आज कळतंय. कळलं म्हणून राग जातो असं नाही.

तर आज सकाळी मी ठरवलं, कार्डावरची बाई पाहिजे ना, तीच दाखवते. पेटीतून ती हिरवी साडी काढली. ब्लाऊज अंगात गोणपाटासारखं ढगळ झालं, ते दोन्ही बाजूंनी आत घेतलं, स्वतःच्या मापाचं ब्लाऊज बऱ्याच वर्षांनी शिवलं. बटणांच्या डब्यातून तुझी नथ काढली. नाकाचं भोक बुजत आलं होतं, तार रेटली तसं डोळ्यांत पाणी आलं. कुंकवाचं काय करायचं? केजच्या बाजारात कुंकू मागायला जायची माझी सोय नाही, दुकानदारापासून भाजीवालीपर्यंत सगळे ओळखतात. दुकानात गिऱ्हाइकासाठी टिकल्यांचं पाकीट आहे, पण त्या दाण्याएवढ्या. मग कापडावर खुणा करायचा लाल खडू खलबत्त्यात कुटला, खोबऱ्याच्या तेलात कालवला, कोटाचं मोठं बटण कपाळावर धरून आखून घेतलं आणि भरलं. तुझी रेघ मोकळी राहायची नाही, माझीही राहिली नाही. आरसा मशीनला टेकवून ठेवला होता. त्यात बघितलं आणि पटकन शटर नीट खाली आहे का बघितलं, चोरी करताना सापडल्यासारखं.

एक वाजता फोन आला. पलीकडं एक पोरगी, कानाला ते यंत्र लावलेलं, मागं ऑफिसचा कालवा. हिंदीत बोलत होती, घाईत होती. "मॅडम, ये फोटो में आप ही हैं?" मी म्हणाले, "हां, मैं ही हूं." तिनं मान इकडं, मान तिकडं करायला लावली, नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कार्ड गालाशेजारी धरायला सांगितलं. ती एकदा कार्डाकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली, मी कार्ड हलू दिलं नाही. मग एकदम हसली. "आज घर में कोई फंक्शन है क्या मॅडम? बहुत अच्छे लग रहे हो आप." मी म्हणाले, "हां, है." ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत कळवू, आणि फोन बंद.

तेव्हापासून अशीच बसलेय. मधेच शेजारच्या वहिनींनी शटर वाजवलं. "अगं, ब्लाऊज झालं का? आत हायस ना? लाईट दिसतीय की." मी मशीनच्या मागं अंग चोरून बसले, हूं की चूं केलं नाही. त्या थोडा वेळ थांबल्या आणि "झोपली काय की" म्हणत गेल्या. ऊन खाली उतरलं. शटरच्या फटीतून येणारी पट्टी बाकापर्यंत आली होती ती आता भिंतीवर गेलीय. फोन दोनदा वाजला, एकदा गॅसवाला, एकदा दीर. टेम्पो सांगून ठेवू का म्हणाला. मी म्हणाले, थांबा भाऊजी, संध्याकाळी सांगते.

आला गं माय. आत्ता आला निरोप. पेन्सिल हातातच होती. ओळख पटली म्हणे. खातं उघडलं, नंबर दिलाय, वर माझं नाव लिहिलंय, पूर्ण. दोनदा वाचलं, मग फोन छातीशी धरून बसले. आवाज न करता रडायचं म्हणजे केवढं अवघड, तुला ते चांगलं जमायचं. गाळा राहिला. मागची खोली टळली.

आता चाचांना दाखवायचंय. बाहेर त्यांचा गाडा आवरायचा आवाज येतोय, टोपल्या एकावर एक ठेवतायत. अंधार पडायच्या आत ते जातात. म्हणजे शटर वर करायचं, आणि त्याआधी हे सगळं उतरवायचं. नथ काढून पुन्हा बटणांच्या डब्यात ठेवली. साडी बदलली, रोजची नेसले. वाटीत पाणी घेतलंय, कोमट केलंय, तू केलं होतंस तसं. पदराचं टोक भिजवून हातात धरलंय. गेल्या वेळी तू होतीस. आता माझं मलाच पुसायचंय आणि हात वर जात नाही. पाणी गार झालं, पुन्हा तापवलं, पुन्हा गार झालं.

या कागदाचं पुढं कुणाच्या तरी बाहीचं माप होईल, तुझ्यापर्यंत काही हा यायचा नाही, म्हणून एक कबूल करते. निरोप आला तेव्हा मला गाळा आठवायच्या आधी त्या पोरीचं बोलणं आठवलं. छान दिसता म्हणाली होती. तुला मागल्या दारचं तुझं तुला दिसलं की पुरायचं. मला नाही गं पुरत. चाचा फोनमध्येच बघतील, कपाळाकडं त्यांचं लक्ष जाणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतेय. आणि लक्ष जावं असंही वाटतंय. शटर वर करतेय. पुसलेलं नाही.